चाळीस बाय वीस

पोराच्या हातात दाढीचं ब्लेड होतं आणि समोर हवा गेलेला प्लॅस्टिकचा चेंडू. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळणारा. त्याने त्यावर वीतभर चीर पाडली. दोघा दोस्तांनी चिरेच्या कडा ताणून धरल्या आणि याने दुसरा, नवा कोरा चेंडू दोन्ही तळहातांनी दाबत आत सारला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. चीर आपोआप मिटली. मग त्याने चेंडू डांबरावर आपटून पाहिला. तो जेमतेम गुडघ्यापर्यंत उसळला, तेव्हा खेळ सुरू झाला.

एकपदरी प्लॅस्टिकचा चेंडू वाऱ्यावर भरकटतो, लाथ जोरात बसली की शेजारच्या गच्चीवर जातो. दुपदरी चेंडूला वजन येतं आणि तो जमीन सोडत नाही. दक्षिण तेहरानच्या या गल्लीत मोठी माणसंही हाच चेंडू खेळून मोठी झाली आहेत.

यंदाच्या अंकाचा विषय ‘जागा’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर इराणचा फुटसाल संघ आला. पाच-पाच खेळाडूंचा, बंदिस्त हॉलमधल्या कोर्टवरचा हा फुटबॉल. कोर्ट चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद. आशियाई स्पर्धा 1999 साली सुरू झाली. 2024 पर्यंत ती सतरा वेळा झाली आणि त्यातल्या तेरा वेळा इराण जिंकला. उरलेल्या चारही जपानने नेल्या. तिसऱ्या कोणाचं नाव करंडकावर नाही. एका खेळावर एका देशाची खंडभर अशी पकड कशी बसते, आणि मग हाच देश विश्वचषकात मात्र एकदाही अंतिम सामन्यात का दिसत नाही, हे पाहायला रमजानच्या महिन्यात इराणला गेलो.

गल्लीतले छोटे गोल

या गल्लीतल्या खेळाला ‘गोल कुचिक’ म्हणतात. गोल अगदी लहान, लोखंडी सळ्यांचा, मीटरभर रुंदीचा. सळ्या नसतील तर दोन विटा. गोलरक्षक बहुतेक वेळा नसतोच. गल्लीच्या कडेने उघडा पाट वाहतो, त्याला जूब म्हणतात. अल्बोर्झ डोंगराकडून उताराने येणारं पाणी शहरभर या पाटांतून खेळवलेलं आहे. एका बाजूला जूब, दुसऱ्या बाजूला उभ्या केलेल्या गाड्या, मधे आठ-नऊ पावलांची पट्टी. ‘माशीन!’ असा पुकारा झाला की गोल उचलायचे, गाडी जाऊ द्यायची आणि चेंडू जिथे होता तिथूनच पुढे. माशीन म्हणजे मोटार.

अशा जागेत खेळाडू काय शिकतो? पहिलं म्हणजे चेंडू तळव्याखाली ठेवायला. मोठ्या मैदानावर पायाच्या आतल्या बाजूने चेंडू अडवतात, कारण पुढे मोकळी जागा असते. इथे अडवलेला चेंडू हातभर जरी पुढे गेला तरी जूबमध्ये पडतो किंवा समोरच्याच्या पायात जातो. म्हणून वरून तळवा टेकवायचा आणि तिथल्या तिथे मागे ओढायचा. दुसरं, बुटाच्या शेंड्याने मारायला. लाथ मागे नेऊन मारायला वेळ नसतो आणि जागाही. मैदानी फुटबॉलचे शिक्षक या सवयीवर ओरडतात, फुटसालमध्ये ती चलनी नाण्यासारखी चालते. तिसरी गोष्ट, समोरच्याला एकट्याने चकवायची हिंमत. गल्लीत पास द्यायला फार माणसं नसतात.

अधिकृत फुटसालचा चेंडू मी तिथे हातात घेऊन पाहिला. मैदानी चेंडूपेक्षा लहान, चार नंबरचा, चारशे ते चारशे चाळीस ग्रॅमचा. नियम सांगतो की दोन मीटरवरून सोडल्यावर त्याने पन्नास ते पासष्ट सेंटिमीटरच उसळावं. मुलांनी ब्लेडने जे साधलं होतं ते जवळपास हेच होतं. इराणच्या मुलाला हॉलमध्ये शिरल्यावर नवा चेंडू शिकावा लागत नाही, याचं महत्त्व मला त्या गल्लीत उभं राहिल्यावर कळलं.

चार सेकंद

तेहरानच्या आग्नेयेला, वरामीनच्या सपाट पट्ट्यात करचक नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते सवयीने. राजधानीत जागा न परवडणाऱ्यांनी भरलेलं ते शहरच आहे. शेअर टॅक्सीत चौघांबरोबर दाटीवाटीने बसून तिथे जाता येतं. इथला शहीद मन्सूरी हा संघ 2011 साली आशियाई क्लब स्पर्धेत खेळला होता. मोठ्या शहराच्या श्रीमंत क्लबांना मागे टाकून असं कडेचं गाव आशियाई स्पर्धेपर्यंत पोहोचतं, ही फुटसालमध्येच घडणारी गोष्ट.

तिथल्या एका हॉलमध्ये तरुण मुलांचा सराव चालला होता. प्रशिक्षकाने अर्ध्या कोर्टवर चार विरुद्ध चार लावले होते आणि स्वतः बाजूच्या रेषेवर उभा राहून हाताची बोटं एकेक करून उघडत होता. एक, दोन, तीन, चार. बाजूची किक असो, कॉर्नर असो किंवा गोलरक्षकाच्या हातातला चेंडू, चार सेकंदांत खेळात आणलाच पाहिजे, नाहीतर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. सामन्यात पंच अशीच बोटं दाखवत मोजतो. आपल्याकडे कबड्डीच्या चढाईला तीस सेकंद असतात आणि शेवटच्या पाचांत प्रेक्षकांचा श्वास अडकतो. फुटसालमध्ये ती अवस्था सामनाभर असते.

वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, पण घड्याळ चेंडू बाहेर गेला की थांबतं, त्यामुळे चाळीस मिनिटांचा सामना दीड तास चालतो. बदली खेळाडूंवर बंधन नाही. दोन-तीन मिनिटं जिवाच्या आकांताने पळायचं, बाहेर यायचं, धाप ओसरली की पुन्हा आत. संघाचे फाऊल मोजले जातात. एका डावात पाचपर्यंत ठीक, सहाव्यापासून पुढच्या प्रत्येक फाऊलला समोरच्याला दहा मीटरवरून, मधे भिंत न लावता, थेट मारायला मिळतं. म्हणजे पाचवा फाऊल झाला की बचाव करणाऱ्यांचे हात बांधलेच गेले. इथे अडवणाऱ्याला समोरच्याच्या अंगावर जाता येत नाही. त्याला पायांनीच वाचावं लागतं.

प्रशिक्षक ज्यावर सारखा ओरडत होता ते मला आधी कळेना. मुलगा चेंडू छान घेत होता, तळव्याने ओढत होता, तरी ओरडा. नंतर दुभाष्याने सांगितलं की चेंडू घेण्याआधी मान वळवून मागे पाहिलं नाहीस, असं तो म्हणतोय. गोलाकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्या पुढच्या खेळाडूला पिव्हट म्हणतात. चेंडू पायात येण्याआधीच आपल्या पाठीशी कोण, किती अंतरावर, कोणत्या खांद्याकडे आहे हे त्याला ठाऊक हवं. चेंडू आल्यावर पाहायला गेलं तर उशीर. त्या मुलाने पुढच्या वेळी डावीकडे मान वळवली, चेंडू घेतला, उजवीकडे वळला आणि शेंड्याने मारला. प्रशिक्षक शाबासकीचा एक शब्दही बोलला नाही, फक्त त्याला बाहेर बोलावून दुसऱ्याला आत पाठवलं.

2025 च्या जूनमध्ये इस्रायलचे बॉम्ब तेहरानवर पडले तेव्हा मला सर्वात आधी हा हॉल आठवला. इंटरनेट परत सुरू झाल्यावर दुभाष्याचा निरोप आला की सराव पुन्हा चालू आहे.

इफ्तारनंतर

रमजानात इराणमध्ये दिवस उलटा होतो. संध्याकाळी रोजा सुटतो, चहा आणि झुलबिया-बामिया पोटात जातात, आश नावाचं घट्ट कढण होतं, आणि मग रात्री नऊ-दहाला हॉलचे दिवे लागतात. गल्लीचे, मशिदीचे, कारखान्याचे, सरकारी खात्यांचे संघ. रमजान कप नावाने या स्पर्धा गावोगाव होतात. मी पाहिलेल्या सामन्यात एका बाजूने टाइल्सचे दुकानदार आणि त्यांचे भाचे-पुतणे खेळत होते, दुसऱ्या बाजूने बसचालक. दोन्हीकडे एकेक लीगमधला खेळाडू आणलेला होता, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. बाकांवर बसलेली म्हातारी माणसं टाइलवाल्यांकडच्या लीग खेळाडूच्या प्रत्येक चकव्याला दाद देत होती, पण बसचालकांच्या पोट सुटलेल्या गोलरक्षकाने त्याचा फटका अडवला तेव्हा हॉल जास्त दणाणला.

मला वाटतं, इराणच्या एवढ्या करंडकांमागचं खरं बळ इथे आहे. गल्लीतला मुलगा आणि राष्ट्रीय खेळाडू यांच्यामध्ये आपल्याकडे प्रचंड पोकळी असते. इथे ती या रात्रींनी भरलेली आहे. सोळा वर्षांच्या पोराला तीस वर्षांच्या मुरलेल्या खेळाडूचा खांदा लागतो. तो पडतो, उठतो, पुढच्या रमजानात पडत नाही.

वरच्या पातळीवर लीगचे क्लब आहेत आणि त्यांची नावं वाचली की इराणचा उद्योगनकाशा समोर येतो. मेस सुंगून हा वायव्येकडच्या वर्झगानच्या तांब्याच्या खाणीचा संघ. फुलाद माहान पोलादाचा. मशहदचा फर्श आरा गालिच्यांच्या कारखान्याचा. इस्फहानचा गीती पसंद एका उद्योगसमूहाचा. मोठ्या फुटबॉल क्लबला लागतो तसला पैसा इथे लागत नाही. पंधरा खेळाडू, एक हॉल, एक बस. खाणीला किंवा कारखान्याला हा खर्च झेपतो, आणि गावाला आपला संघ मिळतो. फुलाद माहान, गीती पसंद, तासिसात दर्याई, मेस सुंगून यांनी 2010 ते 2018 या काळात आशियाई क्लब स्पर्धा जिंकल्या. व्यवस्थेचा दोषही इथेच आहे. कंपनीचं चित्त फिरलं की संघ बंद पडतो, खेळाडू दुसऱ्या शहरात जातात.

शमसाई

पहिली आशियाई स्पर्धा 1999 साली क्वालालंपूरला झाली. अंतिम सामन्यात इराणने दक्षिण कोरियाला 9-1 असं हरवलं. त्यानंतर 2005 पर्यंत दर वर्षी स्पर्धा आणि दर वर्षी इराण. या काळाचा चेहरा म्हणजे वाहिद शमसाई. तेहरानचा, 1975 चा जन्म. इराणसाठी त्याच्या नावावर 392 गोल नोंदले आहेत. मैदानी फुटबॉलमधला अली दाई आपल्याला ठाऊक असतो, कारण त्याचा आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम 2021 साली रोनाल्डोने मोडला तेव्हा जगभर बातमी झाली. त्याच देशातल्या शमसाईचं नाव मात्र भारतीय क्रीडापानावर क्वचितच छापून आलं असेल.

मला त्याच्या गोलांच्या आकड्यापेक्षा त्याची डाव्या पायाची चाल पाहण्यासारखी वाटते. जुन्या चित्रफिती मिळाल्या तर पाहाव्यात. अंगाने तो फार मोठा नाही. तळव्याने चेंडू थांबवतो, समोरच्याला वाटतं आता पास जाईल, आणि याने तेवढ्यात कोन बदललेला असतो. गल्लीत कमावलेला पाय हाच.

पुढे तो राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. 2022 मध्ये कुवेतला जपानने अंतिम सामन्यात इराणला 3-2 असं हरवलं होतं, आणि ती जखम देशभर झोंबली होती. 2024 च्या एप्रिलमध्ये बँकॉकला शमसाईच्या संघाने यजमान थायलंडला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर 4-1 ने हरवून करंडक परत आणला.

बुकारामांगाची रात्र

विश्वचषकाचा हिशेब वेगळा आहे. 1992 साली हाँगकाँगला इराण पहिल्यांदाच खेळला आणि चौथा आला. सईद रजबी शिराझीने त्या स्पर्धेत सर्वात जास्त गोल केले. तिसऱ्या क्रमांकाचा सामना स्पेनने 9-6 असा जिंकला. एवढी दणक्यात सुरुवात, आणि पुढची चोवीस वर्षं संघ पहिल्या चारांत आला नाही.

मग 21 सप्टेंबर 2016, कोलंबियातलं बुकारामांगा. बाद फेरीत समोर ब्राझील. तोवर झालेल्या सात विश्वचषकांपैकी पाच ब्राझीलने जिंकलेले. त्यांच्याकडून फाल्काओ खेळत होता, ज्याला या खेळाचे लोक सर्वश्रेष्ठ मानतात, आणि हा त्याचा शेवटचा विश्वचषक होता. त्याने त्या सामन्यात तीन गोल केले. ब्राझील पुढे जायचा, इराण बरोबरी साधायचा. निर्धारित आणि जादा वेळेनंतर 4-4. पेनल्टीवर इराण 3-2 ने जिंकला. त्यानंतर जिंकलेल्या संघाने जे केलं ते फुटसाल पाहणारा कुणी विसरणार नाही. आपला जल्लोष बाजूला ठेवून इराणी खेळाडू फाल्काओकडे गेले, त्याला उचललं आणि हवेत उडवलं. तेहरानमध्ये एका चहाच्या दुकानात हा विषय काढला तेव्हा दुकानदाराने विजयाबद्दल एक वाक्य सांगितलं आणि त्या उचलण्याबद्दल दहा.

त्या स्पर्धेत पुढे पराग्वेला हरवून संघ उपांत्य फेरीत गेला, रशियाकडून 4-3 ने हरला आणि पोर्तुगालला पेनल्टीवर नमवून तिसरा आला. प्रशिक्षक होते मोहम्मद नाझेमुश्शरीआ. इराणची आजवरची सर्वोत्तम विश्वचषक कामगिरी तीच.

2021 ला लिथुआनियात उझबेकिस्तानविरुद्ध 9-8 असा अक्राळविक्राळ सामना जिंकून संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला. तिथे कझाकस्तानविरुद्ध 2-0 अशी आघाडी होती आणि शेवट 2-3 असा झाला. 2024 ला उझबेकिस्तानात मोरोक्कोने बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात 4-3 ने घरी पाठवलं.

आघाडी घेऊन हरणं किंवा एका गोलाने हरणं, हे पुन्हा पुन्हा का होतं? माझं मत असं, की आशियातल्या बहुतेक सामन्यांत इराणी खेळाडू समोरच्याला एकास एक चकवून मोकळा होतो. त्यामुळे खेळ थंड करायची, चेंडू स्वतःकडे ठेवून मिनिटं खायची सवय अंगी बाणत नाही. कझाकस्तानचा गोलरक्षक हिगीता स्वतः चेंडू घेऊन पुढे येतो, म्हणजे चार बचाव करणाऱ्यांसमोर पाच हल्लेखोर उभे राहतात. त्या वेळी माणूस धरून खेळण्याचा काही उपयोग नसतो, जागा धरावी लागते. गल्लीने जे शिकवलं नाही ते हेच. आणि ते शिकायला तोडीचे सामने लागतात. वर्षातून मोजके तगडे विरोधक वाट्याला येणाऱ्या संघाला ते कुठून मिळणार? आशियात वर्षानुवर्षं फार सोपं जिंकण्याची किंमत इराण विश्वचषकात मोजतो.

बंद दाराआड

पुरुषांच्या संघाची ही कथा अर्धीच आहे. इराणी स्त्रियांच्या फुटसाल संघाने 2015 ला मलेशियात जपानला 1-0 ने हरवून आशियाई अजिंक्यपद मिळवलं आणि 2018 ला बँकॉकमध्ये पुन्हा जपानलाच 5-2 ने. पहिल्या दोन्ही आशियाई स्पर्धा त्यांनी सलग जिंकल्या.

इस्लामी क्रांतीनंतर स्त्रियांचा फुटबॉल उघड्या मैदानावर अवघड झाला, पण हॉलचं दार लावून घेता येतं. पुरुष प्रेक्षक नाहीत, कॅमेरे नाहीत, तर खेळायला हरकत नाही. म्हणून मुली आधी फुटसालकडे वळल्या आणि हिरवळीचा फुटबॉल नंतर आला. मला पुरुष म्हणून त्यांचा सराव पाहता आला नाही. हॉलच्या बाहेर मुलींना सोडायला आलेले वडील गाडीत बसून वाट पाहत होते. आतला आवाज तेवढा येत होता, लाकडी फरशीवर बुटांचा करकर आवाज आणि प्रशिक्षिकेची शिट्टी.

2015 च्या त्या विजयी संघात कर्णधार निलूफर अर्दलान नव्हती. पासपोर्टच्या नूतनीकरणाला नवऱ्याने संमती दिली नाही, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे ती लागते. निलूफर गप्प बसली नाही, जाहीरपणे बोलली. दोनच महिन्यांनी ग्वाटेमालातल्या जागतिक स्पर्धेला ती न्यायालयाच्या परवानगीने गेली. देशासाठी खेळायला निघालेल्या बाईला घरातल्या एका सहीवर अडवता येतं, हे संतापजनक आहे, आणि ती सही बाकीच्या हजारो बायकांना आजही लागते. 2025 च्या नोव्हेंबरात फिलिपीन्समध्ये स्त्रियांचा पहिला फुटसाल विश्वचषक सुरू झाला. इराण त्याला पात्र ठरला होता.

शेजाऱ्यांकडे

इराणने आशियाला हरवलं तसं शिकवलंही. नाझेमुश्शरीआ पुढे इंडोनेशियाचे प्रशिक्षक झाले. 2024 ला अफगाणिस्तान पहिल्यांदाच विश्वचषकाला पात्र ठरला तेव्हा त्यांच्याकडे इराणी प्रशिक्षक होते, आणि त्या संघात इराणमधल्या निर्वासित कुटुंबांत वाढलेली, याच गल्ल्यांत खेळलेली मुलं होती.

भारताच्या राष्ट्रीय संघाची धुराही 2025 साली रझा कोर्दी या इराणी प्रशिक्षकाकडे आली. आपल्या मराठी वाचकाला इराणी खेळाडू कबड्डीतून परिचयाचे आहेत. फझल अत्राचली यू मुंबाकडून खेळला, मोहम्मदरेझा शादलूने पुणेरी पलटणला विजेतेपद मिळवून दिलं. फुटसालमध्ये आपण फार मागून निघालो आहोत. 2016 ला प्रीमियर फुटसाल नावाचा मोठा सोहळा झाला, फाल्काओ चेन्नईकडून आणि रोनाल्डिन्हो गोव्याकडून खेळले, पण त्यातून राष्ट्रीय संघ उभा राहिला नाही. फुटबॉल महासंघाची क्लब स्पर्धा 2021 ला सुरू झाली, राष्ट्रीय संघ 2023 ला पहिल्यांदा उतरला आणि दुशान्बेतल्या पात्रता फेरीतले सगळे सामने हरला. 2025 च्या सप्टेंबरात कुवेतमध्ये मंगोलियाला 3-0 ने हरवलं, तो पात्रता स्पर्धेतला भारताचा पहिला विजय. यातले बरेच खेळाडू हिरवळीवरून आलेले आहेत. तळव्याने चेंडू थांबवायचं वळण त्यांना विशीनंतर लावून घ्यावं लागतं.

मुंबई-पुण्यात छोट्या मैदानांची वाण नाही. उड्डाणपुलाखाली, मॉलच्या गच्चीवर, सोसायटीच्या मागे टर्फ झाली आहेत. पण तिथे कृत्रिम गवत असतं, चारी बाजूंना जाळी असते, चेंडू जाळीला लागून परत येतो, रेषेबाहेर जाण्याचा प्रश्नच नाही आणि चार सेकंद मोजायला कुणी नाही. परतल्यावर ठाण्याच्या एका टर्फवाल्याला विचारलं की आठवड्यातून दोन रात्री खऱ्या फुटसालच्या रेषा आखून मुलांना देता येतील का. त्याने बुकिंगचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. रात्री नऊपासून बारापर्यंत, सोमवार ते रविवार, सगळ्या रकान्यांत बॉक्स क्रिकेट होतं. सकाळी सहा ते आठ मोकळे आहेत, तेवढे घ्या म्हणाला.